घटस्फोट घेताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नवराबायकोला माहीत असायला हवी अशी कायद्याची वाट

नोटरीकडे गेलो, स्टॅम्प पेपरवर दोघांनी सह्या केल्या, दोन्हीकडचे मामा साक्षीदार म्हणून बसले, म्हणजे फारकत झाली, असा समज आजही पक्का आहे. कळव्याच्या चाळीत आहे आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्येही आहे. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न अशा कागदानं मोडत नाही. काही समाजांत रूढीनं काडीमोड होते आणि कायद्याच्या २९व्या कलमानं तिला जागाही ठेवली आहे. पण ती रूढी जुनी, सलग आणि त्याच समाजातली आहे हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नाही. नोटरीच्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्न शून्य ठरतं. वर भारतीय न्याय संहितेच्या ८२व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची टांगती तलवार राहते. तेव्हा कोर्टाची पायरी चढावी लागेल हे आधीच मान्य करा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश, मिळवणं हे यातलं तुलनेनं सोपं काम आहे. पैसा, मूल आणि घर यांबद्दल कागदावर नेमकं काय लिहिलं गेलं, यावर पुढची दहा-पंधरा वर्षं ठरतात. लोक मात्र सगळी ताकद ‘चूक कोणाची’ हे ठरवण्यात घालवतात. म्हणून या लेखात त्या तीन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी बघा, तुमचं लग्न कोणत्या कायद्याखालचं आहे

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. बौद्ध पद्धतीनं लग्न झालं म्हणून वेगळा कायदा लागत नाही. ‘आमचं रजिस्टर मॅरेज आहे’ असं म्हणणाऱ्यांनी दाखला काढून नीट वाचावा. हॉलमध्ये विधी करून नंतर महापालिकेत नोंद केली असेल, तर ती १९९८च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखालची नोंद असते आणि घटस्फोट हिंदू विवाह कायद्यानंच होतो. विवाह अधिकाऱ्यासमोर नोटीस देऊन, तीस दिवस थांबून लग्न केलं असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ लागतो. दोन्हींतली वाट बरीचशी सारखी आहे, कलमांचे आकडे मात्र वेगळे.

मुस्लीम पत्नीला १९३९च्या कायद्याखाली न्यायालयातून विवाहविच्छेद मागता येतो. ‘खुला’ (पत्नीनं मागितलेला विच्छेद) आणि ‘मुबारात’ (दोघांच्या संमतीचा विच्छेद) हे मार्गही आहेत. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चालत नाही आणि २०१९च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. ख्रिश्चनांसाठी १८६९चा आणि पारशांसाठी १९३६चा कायदा आहे. इथून पुढचं विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्याचं आहे. पोटगी, घरगुती हिंसाचार आणि मुलांबद्दलचं पुष्कळसं सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

अर्ज कुठे करायचा: बेलापूरपलीकडे जिल्हा बदलतो

नवी मुंबई बोलायला एक शहर असलं तरी कायद्यासाठी दोन जिल्ह्यांत विभागलेलं आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे रायगड जिल्ह्यात. ठाण्यात कौटुंबिक न्यायालय आहे. खारघरवाल्यांचा संबंध पनवेलच्या न्यायालयाशी येतो. जिथे कौटुंबिक न्यायालय नसतं तिथे अर्ज दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तराकडे जातो. वाशी-नेरूळच्या पत्त्यासाठी बेलापूर की ठाणे, हे अर्ज दाखल करण्याआधी फायलिंग काउंटरवर विचारून घ्या. चुकीच्या ठिकाणी दाखल झालेला अर्ज परत येईपर्यंत काही महिने सहज जातात.

कलम १९ चार मुख्य पर्याय देतं: लग्न झालं ती जागा, समोरची व्यक्ती राहते ती जागा, दोघं शेवटचे एकत्र राहिले ती जागा, आणि अर्ज पत्नीचा असेल तर ती सध्या राहते ती जागा. समजा लग्न साताऱ्यात झालं, संसार खारघरला झाला आणि ती आता नौपाड्यात माहेरी आहे. ती ठाण्यात अर्ज करू शकते. त्याला मात्र सातारा, पनवेल किंवा (ती तिथे राहते म्हणून) ठाणे यांतून निवडावं लागतं. दोघांनी दोन ठिकाणी दावे टाकले तर बदलीचा अर्ज करून ते एकत्र आणता येतात, आणि बायको मुलाला घेऊन एकटी प्रवास करते आहे हा मुद्दा तिथे बऱ्यापैकी वजनदार ठरतो.

वकील, खर्च आणि मोफत मदत

कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या १३व्या कलमानुसार तिथे वकील देणं हा आपोआप मिळणारा हक्क नाही, परवानगी घ्यावी लागते. व्यवहारात ती मिळते. फी ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा: ठोक रक्कम की तारखेगणिक? तारखेगणिक फी देणाऱ्याचा खर्च दावा लांबेल तसा वाढतो आणि त्याचा अंदाज कोणीच देऊ शकत नाही. परस्परसंमतीच्या प्रकरणात दोघांचा मिळून एकच वकील ठेवला तर पैसे वाचतात, हे खरं. तरीही सह्यांआधी अटींचा मसुदा स्वतःच्या वेगळ्या वकिलाकडून एकदा वाचून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात १९९४पासून पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. ही माफी अनेकींना माहीत नसते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय ठाण्यात जिल्हा न्यायालयात आहे, रायगडचं अलिबागला. तालुका पातळीवरही समित्या असतात. १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते.

घर सोडण्याआधी कागद

भांडण विकोपाला गेलं की माणूस कपड्यांची बॅग भरून निघतो आणि कागद कपाटात राहतात. नंतर एकेका कागदासाठी अर्ज करत बसावं लागतं. लग्नाचा दाखला, नसेल तर लग्नपत्रिका आणि विधीचे फोटो. मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे. घराचा करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्जमंजुरीचं पत्र. दागिन्यांची बिलं, आणि बिलं नसतील तर लग्नाच्या अल्बममधले ते दागिने अंगावर असलेले फोटो. जोडीदाराचे मूळ कागद उचलून नेऊ नका. फोटो काढून ठेवले तरी पुष्कळ काम होतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश नुसते छापून दिले म्हणून पुरावा होत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन जपा, विकू नका. नवराबायकोत चोरून केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून वाचता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये सांगितलं आहे. म्हणून उद्यापासून घरात माइक लपवायला लागू नका. न्यायाधीश ते रेकॉर्डिंग पूर्ण ऐकतात, तुमच्या तोंडचे शब्दही त्यात असतात.

संमतीची वाट

कलम १३ब. अटी तीन: किमान एक वर्ष वेगळे राहताय, एकत्र राहणं शक्य झालेलं नाही, आणि लग्न संपवायला दोघं राजी आहात. ‘वेगळे’ म्हणजे दोन पत्ते हवेतच असं नाही. एका छपराखाली राहूनही नवराबायको म्हणून नातं उरलेलं नसेल तर तेही वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१मध्ये स्पष्ट केलं आहे. गृहकर्जाच्या हप्त्यामुळे एकाच टू बीएचकेत दोन खोल्यांत राहणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे.

पहिल्या टप्प्यात संयुक्त अर्ज दाखल होतो, विवाह समुपदेशकाकडे पाठवलं जातं. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्या टप्प्यासाठी उभं राहायचं. त्या वेळी न्यायाधीश दोघांना विचारतात: संमती स्वखुशीची आहे का, अटी मान्य आहेत का? मग हुकूमनामा. सहा महिन्यांची अट माफ होऊ शकते, हा २०१७च्या अमरदीप सिंग निकालाचा फायदा. पहिल्या टप्प्याआधीच दीड वर्ष वेगळे राहिले असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मूल, मालमत्ता यांचा निकाल आपसांत लागलेला असेल, तर पहिल्या टप्प्यानंतर आठवड्यानं माफीचा अर्ज करता येतो. तो मंजूर करणं न्यायालयाच्या मर्जीवर आहे.

हुकूमनामा होईपर्यंत कोणीही एकतर्फी संमती मागे घेऊ शकतं, हा या वाटेवरचा सगळ्यात मोठा धोका. म्हणून पैशांचे टप्पे अटींतच बांधा. काही भाग पहिल्या टप्प्याला, काही दुसऱ्याला, उरलेला तक्रारी मागे घेतल्यावर, आणि तो डिमांड ड्राफ्टनं, न्यायालयासमोर. कौटुंबिक छळाचा गुन्हा (पूर्वीच्या दंड संहितेचं ४९८अ, आता न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमं) दाखल असेल तर तो आपसांत मिटवला म्हणून बंद होत नाही. दोघांनी मिळून मुंबई उच्च न्यायालयात तो रद्द करून घ्यावा लागतो. या कामाला महिने लागतात. ते कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चानं करायचं, हे कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून न्यायालयात दिलेल्या अटींत, लिहा. ‘दोघं सहकार्य करतील’ एवढं मोघम वाक्य नंतर कोणाच्याच कामाचं नसतं.

एकाची ना असेल तर

मग कलम १३चं कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षं सोडून देणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षं ठावठिकाणा नसणं आणि आणखी काही. पत्नीला काही जादा कारणं आहेत. लग्नाला वर्ष झालेलं नसेल तर अपवादात्मक हालअपेष्टा दाखवल्याशिवाय अर्जच घेतला जात नाही. ‘लग्न आता दुरुस्त होण्यापलीकडे गेलं आहे’ हे स्वतंत्र कारण या कायद्यात नाही. त्या आधारावर घटस्फोट देण्याचा अधिकार घटनेच्या कलम १४२ खाली सर्वोच्च न्यायालयाचा, असं २०२३च्या घटनापीठानं सांगितलं. वर्तमानपत्रात तसा मथळा वाचून ठाण्यात तोच मुद्दा मांडला तर चालणार नाही.

क्रूरता म्हणजे नुसती मारहाण नव्हे. सततचा अपमान, खोटे आरोप, कारणाशिवाय शरीरसंबंध नाकारत राहणं हेही मानसिक क्रूरतेत येऊ शकतं. मात्र अर्जात ‘तो नेहमी त्रास द्यायचा’ असं लिहून भागत नाही. कधी, कुठे, कोणासमोर, हे लिहा. लक्षात राहणारे पाच प्रसंग तारखांसकट मांडलेले पन्नास ओळींच्या कागाळ्यांपेक्षा जास्त काम करतात.

दावा असा चालतो: समन्स, लेखी कैफियत, समुपदेशन किंवा मध्यस्थी, मुद्दे काढणं, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल. मध्यस्थीत बोललेलं गोपनीय राहतं, तेव्हा तिथे मोकळं बोलायला हरकत नाही. समन्स आलं तर ते टाळू नका. ‘घेतलंच नाही तर काय करतील’ म्हणणाऱ्यांचे दावे एकतर्फी चालतात. कलम २१ब म्हणतं, निकाल शक्यतो सहा महिन्यांत लावावा. तारखांची यादी पाहिलेल्या कोणालाही हे वाचून हसू येईल. वर्षं जातात. मधल्या काळात ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर आपला सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून पुढची तारीख आणि आदेश स्वतः बघत जा. विवादित दावा कोणत्याही टप्प्यावर संमतीच्या अर्जात बदलता येतो, आणि उलटतपासणी जवळ आली की अनेकांना ते सुचतं.

पोटगी

तीन दारं आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ची पोटगी दावा चालू असेपर्यंत मिळते आणि ती नवराही मागू शकतो. कलम २५ची कायमस्वरूपी असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, घटस्फोट मागितला नसला तरी चालतं आणि धर्म कुठलाही असो, लागू होतं. शिवाय घरगुती हिंसाचार कायद्याखालीही पैशांचा आदेश मिळतो. अनेक ठिकाणी अर्ज करता येतात, पण पहिल्या आदेशाची माहिती दुसरीकडे द्यावीच लागते आणि ती रक्कम हिशेबात धरली जाते.

नोव्हेंबर २०२०च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. हे शपथपत्र म्हणजे पोटगीच्या दाव्याचा कणा. पगार लपवणाऱ्यांची गाठ इथेच पडते, कारण समोरचा वकील फॉर्म १६ आणि बँक उतारे मागवतो. ‘पगाराच्या २५ टक्के’ असा आकडा सर्रास सांगितला जातो. तो २०१७च्या एका निकालातून आला आहे, सरसकट नियम नाही. दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मुलं, म्हातारे आईवडील, कर्जं हे सगळं पाहून रक्कम ठरते. बायको नोकरी करते म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही, आणि ती चांगलं कमावत असेल तर मागितल्याबरोबर मिळतेच असंही नाही.

पोटगी थकली तर कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. थकबाकी साठवून ठेवून तीन वर्षांनी गेलात तर जुने महिने हातून जातात. पैसे बँक खात्यातच घ्या, रोखीनं नको.

मूल

कायदा आई आणि बाप यांच्यात निवड करत नाही, मुलाचं हित बघतो. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. त्यापुढच्या मुलाला न्यायाधीश स्वतः भेटून विचारतात. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याचा भेटीचा हक्क सहसा जात नाही, आणि भेट अडवून ठेवणाऱ्या पालकावर न्यायालय नाराज होतं.

अटी लिहिताना इथे कंजुषी नको. ‘वाजवी भेट’ या शब्दांवरून दर शनिवारी भांडणं होतात. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मूल कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं. गणपतीत पहिले दोन दिवस कोणाकडे, दिवाळीत पाडवा कोणाकडे, मे महिन्याच्या सुट्टीचे किती दिवस गावी. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल. शाळा बदलायची झाली, पासपोर्ट काढायचा झाला, परदेशी न्यायचं झालं तर कोणाची संमती. फी आणि दवाखान्याचा खर्च कोणत्या प्रमाणात, आणि फी दरवर्षी वाढते ही वाढ कोण सोसणार. आईनं स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा पोटगीचा हक्क ती सोडून देऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

घर, कर्ज आणि सोनं

‘घटस्फोट झाला की अर्धं घर बायकोचं’ असा कायदा भारतात नाही. घर ज्याच्या नावावर, मालकी त्याची. दोघांच्या नावावर असेल तर हिस्सा, आणि पैसे कोणी घातले याचा वाद. मालकी आणि राहण्याचा हक्क या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घणसोलीचा फ्लॅट सासूच्या नावावर असला तरी संसार तिथे झाला असेल तर तिला रस्त्यावर काढता येत नाही. २०२०च्या सतीश आहुजा निकालानं हे पक्कं केलं. त्याच वेळी वृद्ध सासूसासऱ्यांनाही शांतपणे राहण्याचा हक्क आहे, त्यामुळे न्यायालय कधी कधी पर्यायी घर किंवा भाडं द्यायला सांगतं. मारहाण होत असेल तर घटस्फोटाची वाट बघू नका. १८१ किंवा ११२ला फोन करा, संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तातडीचा अंतरिम आदेश मिळू शकतो.

गृहकर्जाचं गणित लोक हमखास विसरतात. न्यायालयानं ‘घर पत्नीचं’ म्हटलं म्हणून बँकेच्या वहीत पतीचं नाव पुसलं जात नाही, बँक दाव्यात पक्षकार नसते. हप्ता चुकला तर दोघांचाही सिबिल स्कोअर पडतो. क्रम असा ठेवा: आधी बँकेकडून एकाच्या नावावर कर्ज घेण्याची तयारी (ती उत्पन्न नव्यानं तपासते), मग हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, शेवटी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कर आणि वीजबिल. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर इमारत असेल तर हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्कही मध्ये येऊ शकतं, ते अटी लिहिण्याआधीच विचारून घ्या. नवराबायकोतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे. हुकूमनामा झाला की तुम्ही नवराबायको राहत नाही. तेव्हा हे काम दुसऱ्या टप्प्याआधी करायचं की नंतर, हा काही लाखांचा प्रश्न ठरू शकतो.

स्त्रीधन म्हणजे लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तिला मिळालेले दागिने, वस्तू, पैसे. ते सर्वस्वी तिचं. सासूनं ‘सांभाळायला’ लॉकरमध्ये ठेवलं तरी मालकी बदलत नाही आणि परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. यादी करा, वजनासकट, आणि परत घेताना दोघांच्या सहीची पावती करा.

हुकूमनाम्यानंतर

प्रमाणित प्रतींसाठी लगेच अर्ज करा आणि तीन-चार तरी काढून ठेवा. बँक, पासपोर्ट कार्यालय, शाळा, सगळीकडे मागतात. विवादित निकाल असेल तर अपिलाची मुदत, हिंदू विवाह कायद्याप्रमाणे ९० दिवस, संपेपर्यंत किंवा अपील निकाली निघेपर्यंत दुसरं लग्न करू नका. भविष्य निर्वाह निधी, विमा, बँक खाती, डिमॅट आणि सोसायटी, सगळीकडचं नामनिर्देशन स्वतः जाऊन बदलावं लागतं. कंपनीच्या आरोग्य विम्यातून जोडीदाराचं नाव निघतं, त्यामुळे त्याच्यावर अवलंबून असलेल्यानं स्वतःची पॉलिसी आधी घ्यावी, कारण जुन्या आजारांना नव्या पॉलिसीत प्रतीक्षा काळ लागतो. माहेरचं नाव परत लावायचं असेल तर राजपत्रात नावबदल करून मगच आधार, पॅन, बँक या क्रमानं जा. आधीचे अर्ज जुन्या नावावर आणि नंतरचे नव्या नावावर अशी सरमिसळ झाली की प्रत्येक खिडकीवर हुकूमनाम्याची प्रत पुन्हा काढून दाखवावी लागते.